लुविंगूची उंदीरखाऊ

अ‍ॅस्ट्रिडा जेरेला तिच्या नवऱ्यानं एकच टिकाऊ वस्तू दिली, ती म्हणजे आडनाव. बाकी जे काही दिलं ते एक तर फाटलं, नाही तर त्यानंच जाताना उचलून नेलं. तो ट्रकवर होता. माल घेऊन नाकोंदेच्या सीमेवर गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. अ‍ॅस्ट्रिडानं रडायचं तेवढं रडून घेतलं, रुग्णसेवेचा कोर्स केला आणि एका सकाळी तिरका विग, हातात बूट आणि तोंडात अर्धा बन अशा अवतारात माझ्या ऑफिसात मुलाखतीला येऊन बसली. बूट चावत होते म्हणून हातात होते.

मी फेलिस्ता. कितवे शहरात ज्या म्हाताऱ्यांना काल आणि आज यांतला फरक कळेनासा झाला आहे, त्यांच्या घरी सेविका पाठवायची संस्था मी चालवते. मी लांबा जमातीची. ज्या जमिनीखालचं तांबं उपसून सगळा देश मोठा झाला ती जमीन आमची, आणि सगळ्या देशाच्या विनोदांत आळशी कोण, तर तेही आम्हीच. तेव्हा जमातीवरून होणारी चेष्टा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

"गाव कुठलं?" मी विचारलं.

"लुविंगू."

"म्हणजे बेम्बा. मग जेरे हे न्गोनी आडनाव कुठून आणलंस?"

"नवऱ्याचं आहे मॅडम. बदलायचं तर सरकारी रांगेत उभं राहावं लागतं. त्या माणसासाठी एवढं उभं राहायची माझी तयारी नाही."

मी तिला तिथल्या तिथे कामावर घेतली.

आता न्गोनी आणि बेम्बा यांचं काय आहे ते सांगते. आमच्याकडे काही जमाती एकमेकींच्या चिंबुया असतात, म्हणजे चेष्टेच्या नात्यातल्या. पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, म्हणून पणतवंडं एकमेकांची टर उडवतात. न्गोनी दिसला की बेम्बानं त्याला उंदीरखाऊ म्हणायचं, आणि न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ. बसमध्ये, बँकेत, साहेबाच्या केबिनमध्ये, कुठेही. मयताला तर जास्तच. ज्याला राग येईल तो हरला. पण हे फक्त चिंबुयांत चालतं. आपल्याच जमातीच्या वडीलधाऱ्याशी असं कोणी बोललं तर गाव त्याला वाळीत टाकेल. तिथे गुडघे टेकायचे, हळूच टाळ्या वाजवायच्या आणि नजर जमिनीवर ठेवायची.

आमच्या यादीतले आजोबा बोनिफेस चिलेक्वा हे बेम्बा, तेही अट्टल. खाणीत माणसं उतरवणाऱ्या पिंजऱ्याचं इंजिन चालवण्यात त्यांचा जन्म गेला. अर्ध्या शहराचे बाप-काके त्यांच्या हातून खाली गेले आणि सुखरूप वर आले. त्यामुळे त्यांना कोणी घाई केलेली खपत नसे. बायको गेली आणि त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निसटायला लागलं. आधी शेजारी गेले, मग जावई, मग मुलगी थेक्लासुद्धा. थेक्ला लुसाकाला बँकेत. ती फोनवर "बाबा, मी थेक्ला" म्हणाली की हे "कोणत्या खात्याच्या?" असं विचारत.

सेविका त्यांच्याकडे टिकत नव्हत्या. मी आधी एक भला माणूस पाठवला. तो भजनं म्हणायचा. आजोबांनी त्याला भजनाच्या पुस्तकासकट फाटकाबाहेर काढलं. मग एक मऊ मुलगी पाठवली. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे ती कशालाच नाही म्हणत नसे. हो आजोबा, बरोबर आजोबा, खरंच आजोबा. शेवटी एक दिवस आजोबांनी तिला विचारलं, "पोरी, मी वेडा आहे असं तुला कोणी सांगितलं?" त्या दिवशी तीही गेली.

थेक्लाचा फोन आला. "फेलिस्ताताई, आता एकच बाई पाठवा. हीपण गेली तर मी बाबांना इकडे घेऊन येते."

तिची जागा तिसऱ्या मजल्यावर. ती आणि नवरा दिवसभर कामावर. म्हणजे बाहेरून कुलूप. ज्या माणसाला जगात फक्त स्वतःचं घर, आंब्याचं झाड आणि खुर्ची ओळखीची उरली आहे, त्याला तिथे नेलं तर त्याचं काय होईल हे मी पाहिलेलं आहे. अशी माणसं फार दिवस राहत नाहीत. हे मी थेक्लाला बोलले नाही. माझ्याकडे पाठवायला अ‍ॅस्ट्रिडाच तेवढी शिल्लक होती.

मी स्वतः तिला घेऊन गेले. वाटेत सगळं परत पढवलं. समोरून जायचं, हळू बोलायचं, वाद घालायचा नाही. अ‍ॅस्ट्रिडा मान हलवत होती. तिच्या तोंडाची आणि 'हळू' या शब्दाची कधी गाठ पडलेली नव्हती, पण प्रयत्न करते म्हणाली.

आजोबा आंब्याखाली खुर्चीत बसले होते. माणसं विसरली तरी अक्षरओळख शाबूत होती. त्यांनी अ‍ॅस्ट्रिडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग पुढे वाकून तिच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला.

"जेरे," ते म्हणाले. "म्हणजे उंदीरखाऊ. चला, घरातल्या उंदरांचा प्रश्न मिटला."

अ‍ॅस्ट्रिडा खरं सांगायला निघाली होती. मी बेम्बाच आहे आजोबा, आडनाव नवऱ्याचं आहे, असं म्हणून ती गुडघे टेकणार होती. हे तिनं मला नंतर शपथेवर सांगितलं. पण तिची जीभ तिच्या आधी पोचली.

"आणि तुझ्या दातात ते काय अडकलंय रे म्हाताऱ्या? माकडाची शेपटी का? जेवण झालं की तोंड धुवावं माणसानं."

आजोबांनी पुन्हा बिल्ल्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते असे हसले की वरची कवळी मांडीवर पडली. बायको गेल्यापासून हा माणूस हसला नव्हता.

"हिला जेवायला घाला," कवळी बसवत ते म्हणाले. "आणि जाताना हिची पिशवी तपासा. माझ्या घरचा उंदीर बाहेर जाता कामा नये."

त्या दुपारी ते पोटभर जेवले.

असं ते सुरू झालं. त्यांना कालचं काही आठवायचं नाही, पण बिल्ला रोज वाचता यायचा. त्यामुळे आपल्या घरात एक न्गोनी बाई घुसली आहे हा शोध त्यांना रोज सकाळी नव्यानं लागायचा, आणि रोज तेवढाच आनंद व्हायचा. माणसाला आणखी काय हवं? अंघोळीला नाही म्हणाले की अ‍ॅस्ट्रिडा सुरू करायची, "बरोबर आहे. आमच्या पणजोबांना बघून तुमचे पळाले ते थेट चांबेशी नदीत पडले. तेव्हापासून बेम्बा पाण्याला भितो." "कोण भितं?" म्हणत आजोबा स्वतःच सदरा काढायचे. गोळ्यांच्या वेळी ती म्हणायची, "राहू दे, या कडू असतात, बेम्बांना झेपत नाहीत." ते तिच्या हातातून हिसकावून घ्यायचे. थेक्लाला मी दर आठवड्याला कळवायचे की वडील आनंदात आहेत, सेविकेशी त्यांचा संवाद उत्तम आहे. संवाद काय आहे ते मी कळवलं नाही.

अ‍ॅस्ट्रिडाला मात्र हे सगळं सुखासुखी पचत नव्हतं. त्या घरात तिला स्वतःचीच भाषा मोडून, न्गोनींच्या पूर्वेकडच्या हेलात बोलावी लागायची, तीसुद्धा दिवसभर. रात्री गावी आईला फोन लावला की जीभ सरळ होते, असं म्हणायची. एकदा पगाराला आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"मॅडम, मला पाप लागणार. मामांसमोर मी कधी उभ्यानं पाणी प्यायले नाही. आणि मामांच्या वयाच्या माणसाला मी सकाळी उठून माकडखाऊ म्हणते."

"मग सोडतेस काम?"

"छे हो. उद्यासाठी शेपटीवरनं एक नवीन सुचलंय." ती एकटीच फसकन हसली. "देवाशी काय ते मी रविवारी बघून घेते."

हे असंच चाललं असतं. पण ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात थेक्लाचा फोन आला की म्पुंडू आत्या येते आहे.

म्पुंडू आत्या ही आजोबांची थोरली बहीण. राहायला लुविंगूकडेच. अ‍ॅस्ट्रिडाच्या आणि तिच्या गावांमध्ये एक ओढा आणि दोन टेकड्या. ऐकल्याबरोबर अ‍ॅस्ट्रिडानं विग सरळ केला, त्यावरून मला तिची भीती कळली. बस पकडून आत्या आली ती डोक्यावर पोतं आणि काखेत जिवंत कोंबडी घेऊन. काठी होती, पण ती टेकायला नव्हती, दाखवायला होती. भावाकडे न्गोनी बाई आहे हे थेक्लानं तिला सांगितलं होतं, त्यामुळे ती वाटेतच टोमणे जमवत आली होती.

आजोबा आंब्याखाली होते. आत्या समोर उभी राहिली.

"बोनी," ती म्हणाली.

आजोबा उठले. टोपी काढली. "बसा बाई. कोणाकडे आलात?"

"तुझ्याकडे. अरे मी म्पुंडू."

"बरं," आजोबा म्हणाले. फार अदबीनं म्हणाले, तेच वाईट. मग अ‍ॅस्ट्रिडाकडे वळून, "उंदीरखाऊ, यांना पाणी दे आणि बस कुठून सुटते ते सांग. बिचाऱ्या चुकल्यात."

आत्याला वाटलं भाऊ मस्करी करतोय. ती हसली. मग तिनं नदीचं सांगितलं, बापाच्या सायकलीचं सांगितलं, मिशनच्या शाळेत झालेल्या मारामारीचं सांगितलं, आणि प्रत्येक गोष्टीनंतर विचारलं, "आठवतं ना?" ती विचारत गेली तशी आजोबांची बोटं टोपी चुरगाळत गेली. शेवटी ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आत्या खुर्चीसमोर तशीच उभी राहिली. मग काही तरी हातात हवं म्हणून पोतं उचलून स्वयंपाकघरात गेली.

पोत्यात सुरवंट होते. वाळवलेले, खारवलेले, गावचे. आत्यानं पोत्याचं तोंड सोडलं, अ‍ॅस्ट्रिडानं आत हात घातला आणि तिचा हेल कुठल्या कुठे उडून गेला.

"अगं बाई, हे तर मुंपा. शेवटच्या वेचणीचे. पोट कसं स्वच्छ केलंय बघा. इथे बाजारात सगळी वाळूच वाळू असते हो."

हे ती बोलली ते लुविंगूच्या सरळसोट बेम्बात. न्गोनी बाईला सुरवंट म्हणजे सुरवंट. त्यातला मुंपा कोणता आणि शेवटच्या वेचणीचा कोणता, हे सांगणारी जीभ त्या टेकड्यांतच लहानाची मोठी व्हावी लागते. आत्यानं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं.

"कोणाची तू?"

"जेरेची."

"नवऱ्याचं नाही विचारलं. आई कोणाची?"

अ‍ॅस्ट्रिडानं आईचं नाव सांगितलं. आजीचं सांगितलं. आत्याची मान हलत होती, माहितीतली माणसं होती.

"कूळ?"

अ‍ॅस्ट्रिडा भांड्यात बघत म्हणाली, "बकरी."

बेम्बांमध्ये कूळ आईकडून येतं, आणि मामाचा मान बापापेक्षा मोठा असतो. आत्या बकरी कुळाची. म्हणजे तिचा भाऊही बकरी.

"म्हणजे बोनी तुझा मामा लागतो," आत्या म्हणाली.

"लागतो."

"आणि तू मामाला माकडखाऊ म्हणतेस?"

"रोज," अ‍ॅस्ट्रिडा म्हणाली. खोटं बोलायचं तर हेल लागतो, आणि तो आता उरला नव्हता.

आत्या ओरडली नाही. ती खाली फरशीवर बसली आणि बराच वेळ कोंबडीकडे बघत राहिली. मग तिनं मला बोलावून घेतलं. मी चांगले बूट घालून गेले, पण त्यांचा उपयोग झाला नाही.

"आत्या, बाकी काही असो," मी म्हणाले, "त्यांना ही आवडते."

"त्याला कोण आवडते? न्गोनी बाई. ती या घरात कधी आलीच नव्हती. इथे माझ्या कुळातली एक पोर आहे, तिला कोणी वळण लावलेलं नाही. उद्यापासून ही गुडघे टेकेल आणि मामा म्हणेल. आण तो बिल्ला इकडे."

अ‍ॅस्ट्रिडानं बिल्ला काढून दिला. आत्यानं तो कमरेच्या कापडाच्या टोकाला गाठ मारून ठेवला. फोनवर थेक्ला म्हणाली, "आत्या म्हणेल तसं." बँकेत माणसं तिला घाबरतात म्हणे.

खरं सांगायचं तर आत्याचा राग रीतीपुरता नव्हता. सख्खी बहीण परकी झाली आणि खोटी न्गोनी घरची झाली, हे तिला सलत होतं. मला ते दिसत होतं. पण काठीवाल्या बाईला हे सांगणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅस्ट्रिडा भाची झाली. गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून, दोन्ही हातांनी पेला पुढे करून "मामा, पाणी" म्हणायला लागली. आजोबा तिच्याकडे बघत राहायचे.

"ही खाली काय शोधतेय?" त्यांनी आत्याला विचारलं. "काही हरवलंय का हिचं?"

पेला तसाच परत जायचा. मक्याच्या पिठाचा न्शिमा समोर ठेवला की ते म्हणायचे, "आधी त्या न्गोनी बाईला जेवायला द्या. सकाळपासून आली नाही." अंघोळीला हात लावू देईनात. गोळ्या कुंडीत सापडल्या. वर ऊन असं की कोंबडीसुद्धा पंख पसरून पडलेली. आजोबांचे गाल आत गेले, ओठ फुटले. थेक्लानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी रविवारी गाडी घेऊन येते. त्यांचं सामान बांधून ठेवा."

अ‍ॅस्ट्रिडा माझ्या ऑफिसात येऊन रडली. "एकदाच म्हणू द्या ना मॅडम. मोठं नाही. नुसतं 'माकडा' एवढंच."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीची चीड आली. मी तिला म्हणाले की जा आणि म्हण, आत्याचं मी बघते. पण अ‍ॅस्ट्रिडा म्हणाली, आता नाही जमत, आता मला ठाऊक आहे ते मामा आहेत. तोंड उघडलं की आई दिसते.

शनिवारी सकाळी आजोबा घरात नव्हते. फाटक उघडं होतं. आत्या, अ‍ॅस्ट्रिडा आणि मी अशा तिघी तीन दिशांना पळालो आणि शेवटी तिघी चिसोकोने बाजारात भेटलो. तिथे त्यांचा माग काढायला फार कष्ट पडले नाहीत. अख्खा बाजार हसत होता. टोपीवाला एक म्हातारा ओळीनं प्रत्येक दुकानाशी थांबून विचारत गेला होता, "इथे कोणी न्गोनी आहे का? माझी हरवली आहे."

टोमॅटोवाल्यांच्या रांगेत एकीनं त्यांना "मी आहे की, काय काम आहे रे माकडखाऊ?" असं उत्तर दिलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आजोबा तिच्या खोक्यावर बसून तिच्याच हातचं उकडलेलं रताळं खात होते. ती म्हणत होती, "साल काढून खा, झाडावर नाहीस तू." आणि ते रताळं तोंडात असताना हसत होते. आठवडाभरात मी त्यांना खाताना पाहिलं ते तेवढंच.

आम्हाला बघून त्यांनी आत्याला टोपी काढून नमस्कार केला. "बाई," ते म्हणाले, "तुमची बस मिळाली नाही वाटतं."

आत्यानं टोमॅटोवालीचे आभारही मानले नाहीत. घरी येईपर्यंत ती सगळ्यांच्या मागून चालत होती आणि पहिल्यांदाच काठी टेकत होती.

रविवारी मी लवकर गेले. थेक्ला यायच्या आत सामान बांधायचं होतं. पाहते तर आंब्याखाली आजोबांच्या समोर दुसरी खुर्ची मांडलेली आणि तिच्यात म्पुंडू आत्या ताठ बसलेली. चर्चचा ब्लाउज घातला होता आणि त्यावर 'जेरे' लिहिलेला बिल्ला लावला होता. वाकडा लावला होता. दाराशी अ‍ॅस्ट्रिडा न्शिमाचं ताट घेऊन गुडघ्यांवर बसली होती आणि तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

आजोबा पुढे वाकले. वाचलं.

"जेरे," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण डोळे उघडले. "उंदीरखाऊ. या वयात दात आहेत का उंदीर चावायला?"

साठ-सत्तर वर्षं जिनं न्गोनींना शिव्या घातल्या, तिला आता न्गोनी होऊन उत्तर द्यायचं होतं. तिनं घसा साफ केला. आणि पूर्वेकडचा असा भयानक हेल काढला की तसं बोलणारा माणूस न्गोनींच्या चिपाटात एकही सापडणार नाही.

"दात नसले तरी चालतं," ती म्हणाली. "उंदीर मऊ असतो. माकड चिवट. तुझी आई दिवसभर शिजवायची तरी शिजायचं नाही."

तुझी आई म्हणजे तिचीही आईच. अ‍ॅस्ट्रिडानं ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

आजोबांचे खांदे हलायला लागले.

"आणि तू गं," आत्या तोंड न वळवता अ‍ॅस्ट्रिडाला म्हणाली, त्याच हेलात, "तिथे गुडघे कसले टेकतेस? ऊठ. हा माकडखाऊ आपल्या दोघींना बोलतोय आणि मी म्हातारी एकटी किती पुरणार? ताट आण इकडे."

अ‍ॅस्ट्रिडा उठली. पदर नव्हता, तर तिनं विगनंच डोळे पुसले, तो उलटा घातला आणि ताट घेऊन निघाली. "खायचं असेल तर खा रे म्हाताऱ्या," ती म्हणाली, आवाज फुटत होता, पण म्हणाली. "शेपटीनं नाही, हातानं."

आजोबांनी हात धुतले, न्शिमाचा घास वळला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मी रस्त्यावर जाऊन थेक्लाला फोन लावला. ती वाटेत पेट्रोल भरत होती. मागचा आवाज ऐकून म्हणाली, "कोण भांडतंय तिकडे?" म्हटलं, "कोणी नाही, तुझे बाबा जेवतायत. ये, पण डिकी रिकामी ठेवायची गरज नाही." मग तिनं विचारलं की बाबांना सुरवंटाबरोबर मिरची लागते ती घरात आहे का, की मी घेऊन येऊ?

मी परत आले तेव्हा आजोबा आत्याकडे बोट रोखून बोलत होते.

"आईचं नाव परत काढू नकोस. माझ्या बहिणीच्या कानावर गेलं तर ढवळायच्या दांड्यानं झोडेल तुला."

"कोण बहीण?" आत्या म्हणाली.

"म्पुंडू. तुमच्या अख्ख्या चिपाटाला पुरून उरेल. मला पाठीला बांधून नदीवर न्यायची. तिच्या पाठीला कसाव्याच्या पिठाचा वास असायचा." त्यांनी घास वळता वळता थांबवला. "बाकी कोणाचा तसा वास येत नाही."

"मग कुठाय ती? सोडून दिलं भावाला?"

"असं कसं सोडेल? येणार आहे." आजोबांनी फाटकाकडे बघितलं. "लुविंगू लांब आहे. ती आली की तू जरा जपून बोल. ती न्गोनींचं ऐकून घेत नाही."

आत्यानंही फाटकाकडे बघितलं. आता हेल सुटणार आणि ही रडणार, असं मला वाटलं. मी तर आधीच सुरुवात केली होती. अ‍ॅस्ट्रिडानं मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"येईल," आत्या म्हणाली. हेल तसाच होता. "पोटात माकड जड झालं असेल, म्हणून हळू चालत असेल."

आजोबा इतके हसले की कवळी पुन्हा मांडीवर आली. ती त्यांनी सदऱ्याला पुसली, बसवली आणि ताट आत्याकडे सरकवलं.

"खा," ते म्हणाले. "उंदीर नाही यात, पण खा. आणि ती येईपर्यंत जाऊ नकोस."

"नाही जात," आत्या म्हणाली आणि भावाच्या ताटात जेवायला लागली.